खान्देशातून नेपाळच्या ट्रेकला: विमा, रस्ता आणि उंची

नेपाळच्या ट्रेकिंगचे दोन चांगले हंगाम म्हणजे मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. आपल्याकडच्या उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्ट्या नेमक्या त्यातच येतात. त्यामुळे भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर गोरखपूरकडची गाडी धरायला पाठीवर सॅक घेतलेली पोरं आणि मुक्तिनाथला निघालेले काका-काकू एकाच वेळी दिसतात. पोरांना अन्नपूर्णा नाहीतर एव्हरेस्टचा बेस कॅम्प गाठायचा असतो. काका-काकूंना वाटतं, आपण कुठे ट्रेकला चाललोय, आपली तर यात्रा. पण मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर आहे आणि पोखरा जेमतेम ८०० मीटरवर. जीपने एक-दोन दिवसांत एवढं वर गेलेल्या यात्रेकरूला उंचीचा त्रास पायी गेलेल्या ट्रेकरपेक्षा लवकर होऊ शकतो. म्हणून हा लेख दोघांसाठीही आहे.

आमच्या ग्रुपमध्ये कागदपत्रांचं काम माझ्या गळ्यात पडलेलं आहे. पॉलिसीचं बारीक अक्षर वाचणं, एजंटला मेल टाकणं, वारसाचं नाव भरलं का ते विचारणं, हे सगळं. या कामातून एक गोष्ट पक्की कळली. खान्देशातून निघालेल्या माणसाचा प्रवास रेल्वे, रस्ता, डोंगर आणि हॉस्पिटल अशा चार तुकड्यांत होतो आणि चारही तुकडे झाकणारा एकच कागद सहसा हातात नसतो. कुठला तुकडा उघडा राहतोय, ते निघण्याआधी शोधायचं, एवढंच खरं काम.

डोंगराआधी रस्त्याचं नाव घेतलं त्याला कारण आहे. २३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि २५ हून अधिक माणसं गेली. त्यातली बहुतेक आपल्या जळगाव जिल्ह्यातली, वरणगाव-भुसावळ भागातली. ती मंडळी देवदर्शनाला गेली होती. नेपाळ म्हटलं की आपल्याला परदेश वाटत नाही, व्हिसा लागत नाही, भाषाही चालून जाते. म्हणून विम्याचा विषयच निघत नाही. जखमीला परत आणणं किंवा पार्थिव गावी पोचवणं या दोन्ही गोष्टी मात्र परदेशातूनच कराव्या लागतात.

आधी मार्ग लिहा, मग विमा शोधा

बहुतेक जण उलट करतात. विमा घेतात आणि तो कुठपर्यंत चालतो ते नंतर बघतात. एक साधा कागद घ्या आणि त्यावर दोन आकडे लिहा: सगळ्यात उंच जागा किती मीटरवर आणि सगळ्यात उंच मुक्काम किती मीटरवर.

अन्नपूर्णा बेस कॅम्प ४,१३० मीटरवर आहे. एव्हरेस्ट बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर, आणि त्याआधीचा गोरकशेपचा मुक्कामही ५,१०० च्या वर. अन्नपूर्णा सर्किटमधली थोरोंग ला खिंड ५,४१६ मीटर. विमा कंपनीला पहिला आकडा सांगायचा असतो. शरीराला मात्र दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण त्रास बहुधा रात्री झोपल्यावर वाढतो.

आता आपल्याकडचे आकडे बघा. जळगाव समुद्रसपाटीपासून २०० मीटरच्या आसपास. तोरणमाळ साधारण १,१५० मीटर. अख्ख्या सातपुड्याचं सर्वोच्च टोक म्हणजे पचमढीचं धूपगड, १,३५० मीटर. शेजारच्या बागलाणातला साल्हेर १,५६७ आणि राज्यातलं सर्वांत उंच कळसूबाई १,६४६. उंचीचा आजार साधारण २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. म्हणजे महाराष्ट्रात कुठेही कितीही चढलात तरी विरळ हवेचा सराव होत नाही. अस्तंब्याची वाट किंवा पाटणादेवीचं जंगल पाय, गुडघे आणि बूट यांच्या परीक्षेसाठी उत्तम. तेवढ्याचसाठी तिथे जा. 'साल्हेर एका दमात चढलो, आपल्याला काय होतंय' हा हिशोब एव्हरेस्टच्या वाटेवरच्या नामचे बाजारला ३,४४० मीटरवर चुकतो, आणि तो सगळ्यात तगड्या पोराचा आधी चुकतो, कारण तोच सगळ्यांच्या पुढे पळत गेलेला असतो.

घरात असलेल्या पॉलिसी उघडून बघा

'माझं मेडिक्लेम आहे ना' हे उत्तर हमखास मिळतं. आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य पॉलिसी भारताच्या हद्दीपुरत्या असतात. नेपाळ सीमेवरची सोनौलीची कमान ओलांडली की त्या कपाटातच राहतात. काही महागड्या पॉलिसींत परदेशातल्या तातडीच्या उपचारांची सोय असते. तुमची त्यातली आहे का, ते पॉलिसीच्या कागदावर 'भौगोलिक मर्यादा' या सदराखाली पाहा.

उत्तराखंड, हिमाचल किंवा लडाखला जाणार असाल तर हीच पॉलिसी बरीच कामाची. विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांच्या आरोग्य पॉलिसींसाठी अपवादांची भाषा एकसारखी ठरवून दिली आहे. त्यातलं नववं कलम साहसी खेळांबद्दल आहे. 'एक्सक्ल ०९' असा कोड शोधा. गिर्यारोहण, प्रस्तरारोहण, राफ्टिंग वगैरेमुळे झालेल्या उपचारांचा खर्च त्यात नाकारलेला आहे, पण त्यात 'व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यास' असे शब्द आहेत. हौशी ट्रेकर व्यावसायिक नसतो. टीपीएच्या, म्हणजे कंपनीतर्फे क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, माणसाने 'ट्रेकिंगमध्ये लागलं म्हणजे क्लेम नाही' असं फोनवर सांगितलं तर त्याला हे कलम वाचून दाखवा. मात्र हॉस्पिटलात पोचल्यानंतरचा खर्च वेगळा आणि डोंगरातून हॉस्पिटलपर्यंत आणण्याचा वेगळा. दुसरा खर्च साध्या आरोग्य पॉलिसीत सहसा बसत नाही.

अपघात विम्याची (पर्सनल ॲक्सिडेंट) पॉलिसी असेल तर तीही काढा. तिच्यातली अपवादांची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि ती बरीच कडक असू शकते.

रेल्वेचं सोपं आहे. आयआरसीटीसीवर ई-तिकीट काढताना ४५ पैशांचा पर्यायी विमा मिळतो, मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला १० लाखांपर्यंत. चौकटीत टिक करून लोक मोकळे होतात. नंतर विमा कंपनीकडून नॉमिनी भरायची लिंक येते, ती कोणी उघडत नाही. ती उघडा.

गावातलीच गाडी भाड्याने घेऊन किंवा स्वतःची कार घेऊन जाणार असाल तर वाहनाचा विमा बघा. भारतातली मोटार पॉलिसी आपोआप नेपाळात चालत नाही. जादा प्रीमियम भरून 'भौगोलिक विस्तारा'ची पुरवणी जोडून घ्यावी लागते. नेपाळी भन्सार, म्हणजे सीमेवरच्या जकातीची पावती, ही निराळी गोष्ट. ती मिळाली म्हणजे विमा झाला असं नाही. गाडीमालकाला पुरवणीची प्रत मागा. 'आहे, आहे, सगळं आहे' याला प्रत म्हणत नाहीत.

ट्रॅव्हल पॉलिसी घेताना

ही पॉलिसी भारतातून निघण्याआधीच घ्यायची. विमा रक्कम डॉलरमध्ये असते आणि नेपाळ बहुधा आशियाच्या स्वस्त योजनेत येतो. प्रीमियम बघून लोक खूश होतात, कारण हप्ता खरोखरच थोडा असतो. पण स्वस्त योजना काठमांडूत हॉटेलात राहून पशुपतिनाथ बघणाऱ्यासाठी बनवलेली असते. तुम्ही तिथून पुढे चार-पाच हजार मीटर चढणार आहात, हे तिला ठाऊक नसतं.

ब्रोशर बाजूला ठेवा आणि 'पॉलिसी वर्डिंग' नावाची पीडीएफ मागा. त्यात आधी अपवादांचं पान काढायचं.

पहिला शोध उंचीच्या मर्यादेचा. काही पॉलिसींत ट्रेकिंग चालतं, पण ठरावीक मीटरपर्यंतच. कुठे ३,०००, कुठे ४,५००, कुठे ६,००० असे आकडे दिसतात. ४,५०० ची मर्यादा अन्नपूर्णा बेस कॅम्पला पुरते, एव्हरेस्टच्या वाटेवर शेवटच्या दोन-तीन मुक्कामांत संपते. आकडा कुठेच नसेल तर खूश होऊ नका. कंपनीला विचारा आणि लेखी उत्तर घ्या. साहसी खेळांची जोडणी वेगळी विकत मिळत असेल तर ती घ्यायची, पण तिच्यातही हाच आकडा बघायचा.

दुसरा शोध एका वाक्याचा. अनेक पॉलिसींत 'दोर किंवा गाईडची आवश्यकता असलेलं गिर्यारोहण' वगळलेलं असतं. हे वाक्य खऱ्या गिर्यारोहणासाठी लिहिलेलं आहे. पण नेपाळ पर्यटन मंडळाने १ एप्रिल २०२३ पासून बऱ्याच ट्रेकिंग मार्गांवर परवानाधारक गाईड बंधनकारक केला आहे. म्हणजे तुम्ही नियम पाळून गाईड घेतलात आणि त्याच कारणाने क्लेम अडला, असं होऊ शकतं. म्हणून कंपनीला मराठीत किंवा मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, असा मेल टाका: 'मी अमुक तारखांना नेपाळात अमुक मार्गाने पायी ट्रेक करणार आहे. सर्वांत जास्त उंची ५,३६४ मीटर. दोर वापरणार नाही. नेपाळच्या नियमामुळे परवानाधारक गाईड सोबत असेल. या ट्रेकमध्ये आजारी पडल्यास किंवा अपघात झाल्यास उपचार व हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च या पॉलिसीत मिळेल का?' उत्तर 'हो' आलं तर त्या मेलची छापील प्रत पॉलिसीला टाचून ठेवा. उत्तर 'कृपया पॉलिसी वर्डिंग पाहावे' असं आलं तर दुसरी कंपनी बघा.

तिसरा मुद्दा हेलिकॉप्टरचा. 'वैद्यकीय स्थलांतर' आणि 'शोध व बचाव' हे दोन वेगळे मथळे आहेत. तुम्ही कुठे आहात हे माहीत आहे, डॉक्टरने खाली न्या म्हटलंय, हे स्थलांतर. वादळात वाट चुकलात आणि शोधायला माणसं पाठवली, हा बचाव. दुसरा प्रकार भारतीय पॉलिसींत कमी सापडतो. पहिला सापडतो, पण त्यालाही कधी आतल्या आत वेगळी मर्यादा लावलेली असते. उंचावरून काठमांडूपर्यंतचं हेलिकॉप्टर काही लाखांच्या घरात जातं. ती आतली मर्यादा त्याहून कमी असेल तर वरची मोठी रक्कम नुसती शोभेची.

चौथं म्हणजे पार्थिव परत आणण्याचा खर्च. हे विचारताना जीभ अडखळते, पण विचारायचं.

तारखांना दोन-तीन दिवस पुढे वाढवून घ्या. एव्हरेस्टच्या ट्रेकसाठी लुक्लाला जाणारी विमानं ढगांमुळे दिवसच्या दिवस उडत नाहीत, आणि पॉलिसी संपल्यावर मुरगळलेला पाय तुमचा स्वतःचा. सामान हरवण्याचं, विमानाला उशीर होण्याचं कलम असेल तर असो. त्यावर वेळ घालवू नका.

ट्रेकिंग कंपनीने 'विमा पॅकेजमध्ये आहे' म्हटलं तर पॉलिसी क्रमांक आणि विमाधारकांच्या यादीत तुमचं नाव, दोन्ही मागा. अनेकदा तो विमा त्यांच्या गाईड-पोर्टरचा असतो. तोही असलाच पाहिजे, आणि आहे की नाही ते जरूर विचारा. तुमची पंधरा-वीस किलोची सॅक ज्याच्या पाठीवर आहे, त्याच्या पायाला काही झालं तर त्याचं काय, हे आपण विचारलं नाही तर कोणी विचारत नाही.

'आजार: काही नाही'

अमळनेरकडच्या एका आप्पांचा फॉर्म भरत होतो. वय साठीच्या आतबाहेर, कापसाचं शेत, चालायला माझ्यापेक्षा चपळ. एजंट एकेक प्रश्न वाचत होता आणि उत्तराची वाट न बघता 'नाही'वर टिक करत होता. बीपी, नाही. शुगर, नाही. तेवढ्यात आप्पांनी चष्मा काढायला सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि चष्म्याबरोबर गोळ्यांची पट्टी खाली पडली. अर्धी संपलेली, बीपीची.

'आप्पा, हे काय?'

'ते रोजचं आहे. त्याले काय आजार म्हनतंस का? काही व्हत नही रे भो.'

एजंटने आमच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, लिहिलं तर प्रीमियम वाढेल, कदाचित पॉलिसीच मिळणार नाही. आम्ही लिहायला लावलं. प्रीमियम वाढला, आप्पा दोन दिवस बोलले नाहीत.

असं का करायला लावलं? क्लेम आला की कंपनी पहिल्यांदा डॉक्टरांचे जुने कागद मागते. उंचावर छातीत दुखलं आणि बीपी लपवलेलं निघालं, तर दोन्हींचा संबंध नाही हे सिद्ध करत बसण्याची पाळी घरच्यांवर येते. बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसी आधीपासूनच्या आजारावर फक्त जिवावर बेतलेल्या प्रसंगी, ठरावीक रकमेपर्यंत खर्च देतात. ती रक्कम किती, ते बघून घ्या. आणि टिक एजंटला करू देऊ नका. सही तुमची असते.

निघण्याच्या महिनाभर आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा आणि किती मीटरवर जाणार ते आकड्यात सांगा. 'हिमालयात चाललोय' एवढं पुरत नाही. उंचीच्या त्रासासाठी ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी दिली जाते, डायमॉक्स म्हणून ती ओळखीची आहे. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बीपीच्या काही गोळ्यांबरोबरही विचार करावा लागतो. म्हणून मित्राच्या पट्टीतली गोळी तोडून घेणं बंद. मधुमेही असाल तर इन्सुलिन गोठू देऊ नका. रात्री सॅकमध्ये ठेवण्याऐवजी अंगावरच्या कपड्यात ठेवा. प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत टाइप करून घ्या, औषधांची मूळ नावं त्यात हवीत.

ओळखपत्र आणि न मारलेला शिक्का

विमानाने नेपाळला जाताना आधार कार्ड चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. १५ वर्षांखालची मुलं आणि ६५ वर्षांवरची मंडळी यांना यात सवलत आहे. माझा सल्ला विचाराल तर पासपोर्ट काढाच. ट्रॅव्हल पॉलिसीच्या फॉर्ममध्ये पासपोर्ट क्रमांकाचा रकाना असतो आणि मतदार कार्डावर जाणाऱ्यांची गाडी तिथेच अडते.

दुसरी अडचण पासपोर्ट असूनही येते. सोनौलीसारख्या सीमेवरून चालत किंवा बसने जाणाऱ्या भारतीयाच्या पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. क्लेमच्या वेळी मात्र कंपनी प्रवासाचा पुरावा म्हणून शिक्क्याच्या पानाची प्रत मागते. मग तुम्ही नेपाळात कधी शिरलात, हे दाखवायचं कसं? म्हणून पहिल्या दिवसापासून कागद जमवा. गोरखपूरचं रेल्वे तिकीट, भैरहवा ते पोखरा बसचं तिकीट, पहिल्या हॉटेलचं तारखेसह बिल, ट्रेकचा परवाना. प्रत्येकाचा फोटो त्याच दिवशी घरच्या व्हॉट्सॲपवर टाका. फोन थंडीत बंद पडला तरी तारखा गावात सुरक्षित राहतात.

परवान्यांत अन्नपूर्णा भागासाठी संरक्षित क्षेत्राचं प्रवेशपत्र आणि टिम्स कार्ड (ट्रेकरच्या नोंदणीचं कार्ड), एव्हरेस्ट भागासाठी सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचा आणि तिथल्या स्थानिक पालिकेचा परवाना. भारतीयांना सार्क देशांचा सवलतीचा दर लागतो. एजंटने सगळ्या परदेशी पाहुण्यांचा दर लावला असेल तर हटका. परवाना नसताना घडलेल्या अपघाताचा क्लेम अडवायला कंपनीला आयतं निमित्त मिळतं.

रस्ता

पावसाळ्यात जाऊ नका. जून ते सप्टेंबर नेपाळचे डोंगरी रस्ते दरडींचे असतात. १२ जुलै २०२४ रोजी नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर सिमलताल इथे दरड कोसळून दोन बसगाड्या त्रिशूली नदीत वाहून गेल्या. पहाटेच्या अंधारातली गोष्ट. सहल कंपनी श्रावणात स्वस्त दर देते, तो का देते हे यावरून कळतं.

इतर महिन्यांतही रात्रीचा डोंगरी प्रवास टाळायचा. आपल्या मंडळींचा हट्ट असतो, रात्री बस पळवली की हॉटेलचा एक मुक्काम वाचतो. तो मुक्काम वाचवू नका. सहल ठरवतानाच आयोजकाकडून लिहून घ्या की डोंगरात गाडी सूर्यास्तानंतर चालणार नाही आणि लांबच्या टप्प्याला दोन चालक असतील. चालक पेंगतोय, फोनवर बोलतोय किंवा पिऊन आहे असं दिसलं तर पुढच्या सीटवरच्याने ओरडायचं. बसमध्ये वडीलधारं कोणीतरी असतंच. त्यांचं काम तेच. सीटबेल्ट असेल तर लावा, आणि बसवलेले बेल्ट सीटखाली कोंबलेले असतात, ते बाहेर ओढून घ्या.

चढताना

३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंचावर नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच गावात थांबायचं. आयोजकाने दिलेल्या कार्यक्रमात मुक्कामांच्या उंचीची वजाबाकी करून बघा. आठवड्याची रजा मिळवून आलेल्या नोकरदारांसाठी हे थांबे गुपचूप कापलेले असतात. कापलेला थांबा दिसला की तो कार्यक्रम घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो.

लक्षणं अशी ओळखा. डोकं दुखतंय आणि त्याच्या जोडीला मळमळ, चक्कर किंवा विलक्षण थकवा, म्हणजे उंचीचा त्रास सुरू झाला. तिथेच थांबायचं, वर जायचं नाही. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तर पुढे, वाढलं तर खाली. बसल्या जागी धाप लागते, खोकला थांबत नाही, तर फुफ्फुसात पाणी होतंय. माणूस असंबद्ध बोलतोय, पाय लटपटतायत, तर मेंदूला सूज येतेय. शंका असेल तर जमिनीवर रेघ ओढा आणि टाचेला पंजा जोडत सरळ चालायला सांगा. दारू न पिता जो झोकांड्या खातो त्याला त्याच क्षणी खाली न्यायचं, रात्र असली तरी. सकाळची वाट बघायची नाही आणि त्याला एकट्याला पाठवायचं नाही.

आपल्याकडचा एक घोळ सांगतो. आपल्या ग्रुपमध्ये डोकं दुखतंय हे कोणी सांगत नाही. 'सगळ्यांचा ट्रेक बिघडेल' ही भीती. म्हणून रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर प्रत्येकाने आपापलं सांगायचं, असा नियमच करा: डोकं कसं आहे, झोप लागली का, जेवण गेलं का. शेंगदाण्याचा लाडू कोणी नको म्हणाला की मी त्याच्याकडे नीट बघतो.

एव्हरेस्टच्या वाटेवर फेरिचेला आणि अन्नपूर्णा सर्किटवर मनांगला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनची हंगामी आरोग्य केंद्रं आहेत. तिथे डॉक्टर असतात आणि उंचीच्या त्रासावर ते ट्रेकरना माहितीही देतात. त्यांनी 'उतरा' म्हटलं तर त्याची चिठ्ठी घ्या. विम्याच्या दृष्टीने ती चिठ्ठी फार मोलाची, आणि सल्ला झुगारून वर गेलात तर तीच चिठ्ठी तुमच्या विरुद्ध उभी राहते.

हवामानाचंही तसंच. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद वादळाच्या उरलेल्या जोरामुळे थोरोंग ला परिसरात मोठा बर्फ पडला आणि ४० हून अधिक माणसं दगावली. ऑक्टोबर हा तर सर्वांत भरवशाचा महिना समजतात. गाईड थांबू या म्हणाला तर थांबायचं. परतीचं तिकीट बुडेल, बुडू द्या.

हेलिकॉप्टर बोलावण्याआधी

क्रम लक्षात ठेवा. जीव धोक्यात असेल तर आधी खाली उतरवणं आणि ऑक्सिजन. तेवढ्यात ग्रुपमधल्या दुसऱ्या कोणीतरी विमा कंपनीच्या चोवीस तास चालणाऱ्या मदत क्रमांकावर फोन लावायचा. हा फोन गाईडवर सोडू नका, आपल्या माणसाने करायचा. पॉलिसी क्रमांक, रुग्णाचं नाव, गाव आणि उंची, लक्षणं, डॉक्टरने पाहिलं असेल तर त्यांचं नाव. बोलणं झाल्यावर केस क्रमांक मागायचा आणि कागदावर लिहायचा. कंपनीने मंजुरी दिली तर हेलिकॉप्टर आणि हॉस्पिटलचे पैसे थेट दिले जाण्याची शक्यता असते. मंजुरीविना बोलावलं तर आधी कार्ड पुढे करावं लागतं आणि नंतर भांडत बसावं लागतं. फोन लागत नसेल तर लॉजच्या वायफायवरून मेल टाका. कळवण्याचा प्रयत्न केल्याचा तो पुरावा.

इथे सावध राहायचं कारण आहे. २०१८ साली नेपाळ सरकारने केलेल्या चौकशीत विम्याच्या पैशांसाठी गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावण्याचे प्रकार उघड झाले. किरकोळ डोकेदुखीवर 'विमा आहे ना, मग उडा' असा आग्रह, एकाच फेरीत चौघांना बसवून चौघांची वेगळी बिलं, अशी ती तऱ्हा. गाईड घाई करतोय पण तुमचा माणूस शुद्धीत आहे, चालू शकतो, तर पायी किंवा घोड्यावरून काहीशे मीटर खाली न्या आणि बघा. बऱ्याचदा तेवढ्याने उतार पडतो. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करायची नाही.

नेपाळात पोलीस १००, रुग्णवाहिका १०२, पर्यटक पोलीस ११४४. काठमांडूतल्या भारतीय दूतावासाचे क्रमांक निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावरून कागदावर उतरवून घ्या. हेच सगळं, पॉलिसीच्या प्रतीसह, घरी एका समजदार माणसाकडे ठेवा. आईवडिलांना काळजी नको म्हणून पोरं घरी काहीच देत नाहीत, आणि वेळ आली की घरच्यांना कंपनीचं नावही सांगता येत नाही.

परत आल्यावर

कागद मूळ हवेत: डिस्चार्ज समरी, तपासण्यांचे रिपोर्ट, बिलं आणि पैसे भरल्याच्या पावत्या, हेलिकॉप्टरचं बिल व प्रवाशांची यादी, डॉक्टरांची चिठ्ठी, रस्त्यावरचा अपघात असेल तर पोलिसांचा अहवाल. नेपाळी भाषेतला कागद असेल तर तिथल्या तिथे इंग्रजी प्रत मागा, भुसावळला आल्यावर ती मिळणं अवघड. कंपनीला कागद दिल्याची पोच घ्या, मेलने दिले तर उत्तमच.

क्लेम नाकारला तर नकाराचं कारण आणि कलम लेखी मागायचं. मग कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज. नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांची तक्रार तिथे चालते, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या तक्रारी पुण्याच्या कार्यालयाकडे जातात. अर्जासोबत निघण्याआधी पाठवलेला तो उंची, दोर आणि गाईडचा मेल आणि त्याला आलेलं उत्तर जोडायला विसरू नका.